माग

कापशा मला गिरणीत सापडला. मिक्सिंग खात्यामागच्या गोडाऊनात, कापसाच्या गाठींच्या फटीत. त्याची आई आदल्या रात्री गाठींच्या ट्रकखाली गेली होती. पिल्लू महिना-सव्वा महिन्याचं. अंगभर रुई चिकटलेली. सुपरवायझर म्हणाला, "टाक ते गटारीपलीकडं." मी ते शर्टात घातलं आणि रातपाळी सुटल्यावर घरी आणलं.

आई म्हणाली, "हितं माणसांस्नी पाय पसराय जागा न्हाई, आन् ह्यो कोण नवा पावना?" पण वाटीत दूध तिनंच ओतलं. आजा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं पिल्लाकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, म्हातारपण. तसं नव्हतं. ते पुढं सांगतो.

मी रिंगफ्रेमवर आहे. धागा तुटला की सांधायचा, बॉबिन भरली की काढायची, परत लावायची. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं रद्दीच्या दुकानात शिकलो. कविता लिहितो. नाकात कायम रुवा बसलेला असतो, भाकरीचा वाससुद्धा धड येत नाही. असल्या माणसानं वासाचं काम शिकायला घ्यावं, हा एक विनोदच आहे. एक कवी मित्र म्हणाला, "आपल्या माणसांवर लिही. कुत्र्यावर कसलं लिहितोस?" दोस्ता, थांब जरा. माणसावरच येतो आहे.

झालं असं की आजा विसरायला लागला. आधी चष्मा, मग जेवलो का नाही ते, मग मला माझ्या बापाच्या नावानं हाक मारायला लागला. बाप जाऊन नऊ वर्षं झाली. मग एका दुपारी आजा घरातनं निघाला आणि संध्याकाळी स्टँडजवळ बसलेला सापडला. महिन्यानं परत तेच. डॉक्टर म्हणाले, वयाचं विसरणं आहे, वाढत जाणार, दाराला बाहेरनं कडी घाला. आईनं दोन दिवस घातली. तिसऱ्या दिवशी आजा आतनं दार वाजवत होता आणि विचारत होता, "म्या काय केलंय?" मी कडी काढली. ज्याच्या सात पिढ्या वेशीबाहेर ठेवल्या, त्याला आता आत कोंडायचं? मला ते जमेना. तेव्हा डोक्यात आलं की, म्हातारा जाणारच असंल तर जाऊ दे, पण तो कुठं गेला हे सांगणारं कुणीतरी घरात पाहिजे.

गल्लीच्या टोकाला श्वान पथकातनं निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. मी पिल्लू घेऊन गेलो. ते खळखळून हसले. मग चहा पाजला आणि बोलत बसले. मुंबई पोलिसांचं श्वान पथक १९५९ साली सुरू झालं, ते डॉबरमन कुत्र्यांवर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी जंजीर नावाच्या लॅब्राडोरनं ३ हजार किलोच्या वर आरडीएक्स हुडकून दिलं. "पण जंजीरचं काम वायलं," ते म्हणाले. "त्यो दारूगोळ्याचा वास घ्यायचा. माग काढणारं कुत्रं एका माणसाच्या वासाला धरून चालतंय."

"काका, गावठी चालंल का?"

"पोरा, मुधोळचं कारवानी कुत्रं लई नावाजलेलं. पण ते डोळ्यानं शिकार करतंय. ससा दिसला की सुटलं. हे तुझं गावठी उकिरड्यावर नाकानं जगतंय. नाकाला जात नसती. धीर पाहिजे. तुझ्याकडं हाय का?"

मी म्हटलं, "रिंगफ्रेमवर हाय मी. धीरच हाय."

पिल्लू दोन महिन्यांचं झालं, सरकारी दवाखान्यात पहिली लस टोचली आणि काम चालू केलं. नदीकडच्या एका पडीक रानात. दुसरी पाळी असली की पहाटे, रातपाळी असली की सुटल्यावर तसंच, डोळे चोळत.

धडा असा. हातभर चौकोन पायानं चांगला तुडवायचा. त्यात उकडलेल्या कलेजीचे नखाएवढे तुकडे टाकायचे. मग तिथनं सरळ दहा पावलं चालायचं, टाचेला अंगठा लावून. दर पावलाच्या खड्ड्यात एक तुकडा. शेवटी मूठभर. मग लांबनं वळसा घालून परत यायचं, आपला माग आपणच मोडायचा नाही. पिल्लाला चौकोनात सोडायचं, दोर सैल. बोलायचं नाही, ओढायचं नाही. पिल्लू तुकडा खातं, नाक खाली ठेवून पुढचा हुडकतं आणि हळूहळू त्याला कळतं की तुडवलेल्या जमिनीचा आणि ह्या माणसाचा वास जिथं आहे तिथंच खाणं आहे. कुत्र्याला वास घ्यायला शिकवायचं नसतं. ते आईच्या पोटातनंच घेऊन आलेलं असतं. आपण फक्त एवढंच सांगायचं की बाबा, ह्याच वासाला धरून राहिलास तर तुझा फायदा आहे.

पावलाखाली गवत चिरडतं, माती उकरते, त्याचा एक वास. माणसाच्या अंगावरनं न दिसणारा कोंडा सारखा झडत असतो, त्याचा दुसरा. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख. कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. शिवाय ते श्वास सोडतं नाकपुडीच्या बाजूच्या फटीतनं, म्हणजे पुढचा वास उडत नाही. आणि सगळ्यात नवल म्हणजे, पाचेक पावलं हुंगली की माणूस कुठल्या बाजूला गेला हे त्याला कळतं. जे पाऊल नंतर पडलं त्याचा वास अंमळ ताजा. दोन पावलांत सेकंदाचा फरक, तो ते ओळखतं.

चुका लई केल्या. एकदा वाऱ्याच्या तोंडावर माग टाकला. शेवटच्या ढिगाचा वास वाऱ्यानं समोरनं आला, कापशानं मान वर केली आणि मधली सगळी पावलं सोडून सरळ ढिगावर धावला. शिकवताना वारा पाठीमागनं पाहिजे, म्हणजे नाक खाली राहतं. एकदा उन्हाळ्यात बाराला नेलं. तापल्या मातीत वास राहत नाही. पिल्लू जीभ काढून बसलं. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आमच्या खात्यात वरनं पाण्याचं बारीक धुकं सोडतात, कारण हवा कोरडी झाली की धागा तुटतो. मागाचंही तेच. ओल असली की टिकतो, कोरडं पडलं की तुटतो. तेव्हापासनं दव असतानाच जायला लागलो.

कलेजी परवडली नाही की सुकट. एक दिवस आजा आपणहून बोलला, "आमच्या वक्ताला चान्या आस्त्या. वाळवून ठिवायची. कुत्र्याचं सोड, माणूससुदिक वासानं दोन कोस आलं आस्तं." मी हसलो. तो हसला नाही.

तुकडे कमी करत गेलो. दर पावलाला, मग पाच पावलांना, मग नुसतं शेवटी. दहा पावलांची शंभर झाली. मग एक वळण, मग दोन. माग टाकून आधी दहा मिनिटं थांबायचं, मग अर्धा तास, मग तास. शेवटी माणूस किंवा वस्तू सापडली की कापशानं तिच्यासमोर पुढचे पाय टाकून बसायचं आणि हलायचं नाही. हे हवालदारकाकांनी शिकवलं. पोलिसात तसंच असतं, ते म्हणाले.

सगळ्यात मोठी चूक मला कळतच नव्हती. माग मीच टाकायचो, त्यामुळं वळण कुठं आहे हे मला ठाऊक. कापशा चुकला की माझा हात नकळत दोर ताणायचा. काकांनी एक दिवस शेजारच्या पोराला माग टाकायला लावला आणि मला सांगितलंच नाही. कापशा पन्नास पावलांवर थांबला आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागला. "बघ," काका म्हणाले, "कुत्रं जमीन वाचत न्हवतं. तुला वाचत हुतं."

पुढं वाचनात आलं की हे तपासूनही बघितलं आहे. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठानं अठरा कुत्री आणि त्यांचे शिकवणारे घेतले. खोल्यांमध्ये गांजाही नव्हता, दारूगोळाही नव्हता. काहीच नव्हतं. पण शिकवणाऱ्यांना सांगितलं होतं की इथं-इथं आहे. झालं. जिथं माणसाला वाटत होतं की आहे, तिथं कुत्री "सापडलं, सापडलं" करायला लागली.

हे मी घरात आईला वाचून दाखवत होतो. आजा कोपऱ्यात होता. तो म्हणाला, "माझ्यासमोर बी बसलं हुतं." एवढंच. मग गप्प. पुढचं सगळं तुकड्या-तुकड्यांनी महिनाभरात निघालं. ज्याला सकाळचं जेवण आठवत नाही त्याला हे नीट आठवत होतं.

आधी मागचं. आज्याचा आजा गावचा माग काढणारा. वतनाच्या कामातलंच ते एक काम. गावात चोरी झाली की महाराला, रामोश्याला बोलावणं. पावलाचं माप काडीनं घ्यायचं. टाच किती रुतली, ओझं होतं का, लंगडतो का, बघत बघत शिवेपर्यंत जायचं. माग शिवेपलीकडं गेला की त्या गावच्या माणसाच्या हवाली करायचा. नाही काढता आला तर दोष आपल्यावर. एवढी कला, आणि मोबदला काय? भाकरीचा तुकडा आणि वर संशय. चोर हुडकणाराच पहिला चोर. चावडीवर हजेरी पण त्याचीच. १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतन मोडलं, महार-मांग-रामोशी-बेरडांची हजेरी बंद केली, तेव्हा कुठं त्याची मान मोकळी झाली. पलीकडं इंग्रजी मुलखात १८७१ च्या कायद्यानं कितीतरी जाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ साली गेला. कायदा गेला, डोळे गेले नाहीत. आजही गावात काही हरवलं की पहिलं बोट कुठल्या पालाकडं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आज्याचं. १९७२, दुष्काळाचं साल. आजा पंचविशीचा. गावातल्या एका मोठ्या घराच्या पडवीतनं तांब्याची दोन हंडी गेली. गावाचं, घराचं नाव लिहीत नाही. आजा आदल्या दिवशी तिथंच लाकडं फोडायला गेला होता. मालकानं त्याचं नाव घेतलं. शहरातनं जीप आली, जीपमधनं कुत्रं उतरलं. अंगणभर आज्याच्या घामाचा वास. कुत्रं हुंगत हुंगत वेशीबाहेर आलं, आमच्या वस्तीत आलं आणि आज्यासमोर येऊन बसलं. सगळं गाव मागं उभं. तीन दिवस चौकीत. तिथं काय झालं ते आज्यानं कधी सांगितलं नाही, पण त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. पंधरा दिवसांनी हंडी त्या घरच्याच एका भाच्याकडं सापडली. आज्याला हे सांगायलासुद्धा कुणी आलं नाही.

महाडला १९२७ साली बाबासाहेब तळ्यावर गेले, तेव्हा त्या तळ्याचं पाणी कुत्र्याला चालत होतं, आपल्याला नव्हतं. इथं पुढची पायरी. कुत्र्याची साक्ष चालली, आज्याची चालली नाही.

आणि गंमत बघा. त्याच्या तीन वर्षं आधी, १९६९ साली, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टासमोर हा प्रश्न आला होता. कुत्रं पिंजऱ्यात उभं राहून साक्ष देऊ शकत नाही, त्याच्या अंदाजावर माणसाचं आयुष्य आणि स्वातंत्र्य टांगू नये, असे आक्षेप होते. शास्त्राचं आजचं ज्ञान बघता असल्या पुराव्याला सहसा फारसं वजन नाही, असं कोर्टानं म्हटलं. दिल्लीत म्हटलं. दिल्लीहून आमच्या वस्तीपर्यंत तीन वर्षांत ते पोचलं नाही. जीप मात्र पोचली.

मी आज्याला म्हटलं, "मग कुत्र्याचा राग येत असंल."

तो म्हणाला, "कुत्रं कवा खोटं बोललं रं? वासानं आलं. म्या गेल्तोच की थितं. खोटं माणसं बोल्ली." मग कापशाकडं बघून म्हणाला, "ह्येला कुणाच्या दारात बसिवनार हाईस?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर आजा गाव सोडून कोल्हापूरला आला आणि शाहू मिलमध्ये बदली कामगार म्हणून चिकटला. १९०६ साली शाहू महाराजांनी सुरू केलेली गिरणी. तिच्या भोंग्यावर अर्धं कोल्हापूर उठायचं. २००३ साली ती बंद पडली तोवर आजा तिथंच होता.

भाद्रपद. मी रातपाळीला. पहाटे चारला आईचा फोन, "आबा न्हाईत. दार उघडं हाय." खात्यात सांगून निघालो, त्या पाळीचा पगार गेला. घरी आलो तर आज्याचं पायताण दारात. म्हातारा अनवाणी गेलेला. रात्री भुरभुर होऊन गेली होती, जमीन ओली. आई म्हणाली, स्टँडकडं बघ, मागच्या वेळी तिथंच होते. माझंही मन तिकडंच. मी कापशाला पट्टा घातला, पायताण हुंगवलं. तो उंबऱ्यापाशी दोनदा पुढं-मागं फिरला आणि स्टँडच्या उलट्या बाजूला वळला. माझा हात दोर ताणायला निघाला होता. खोटं कशाला सांगू? निघाला होता. मी मूठ सैल केली.

बोळात नीट गेला. डांबरावर हरवला. गोल गोल फिरला, उकिरड्यावर घुटमळला, तीन भटकी कुत्री अंगावर आली ती मी दगड घेऊन हाकलली. वाटलं, संपलं. पण रस्त्याच्या कडेला गवताची पट्टी होती, तिथं त्यानं परत नाक लावलं. एक माणूस चालेल एवढ्या वेगानं, घाई नाही. कोटितीर्थाच्या कडेची माती लागल्यावर तर त्यानं मान वर केलीच नाही. मला तोवर कळलं होतं.

शाहू मिलच्या बंद गेटला टेकून आजा बसला होता. मांडीवर जेवणाचा डबा. रिकामा. पहिल्या पाळीला आला होता.

कापशा त्याच्यापर्यंत गेला आणि मी जसं शिकवलं होतं अगदी तसं, पुढचे पाय टाकून त्याच्यासमोर बसला. हलला नाही.

आज्यानं डोळे उघडले. समोर कुत्रं, मागं दोर धरलेला माणूस, अंधार. त्यानं हात जोडले. "सायेब," तो म्हणाला, "म्या न्हाई. लाकडं फोडाय बोलिवलं म्हणून गेल्तो."

मी तिथं चिखलात खाली बसलो. "आबा, मी हाय," म्हणत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यानं मला माझ्या बापाच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली.

हवालदारकाकांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्या बी बसिवलीत कुत्री लोकांच्या म्होरं. तवा इच्यार केला न्हाई." मी म्हटलं, काका, मला ते बसणं मोडायचं आहे.

दोन महिने लागले. शिकवलेलं मोडणं शिकवण्यापेक्षा अवघड. आता कापशा माणूस सापडला की त्याच्यासमोर बसत नाही. तो मागं वळतो, माझ्याकडं येतो, माझ्या हाताला नाक लावतो आणि मला घेऊन जातो. सापडलेल्या माणसाला पहिलं कुत्रं दिसत नाही, मी दिसतो. डोंगरात हरवलेली माणसं हुडकणारी काही कुत्री असंच काम करतात, असं पुढं वाचलं. मला ते वाचून सुचलं नाही. जोडलेल्या हातांनी शिकवलं.

आमच्या जिल्ह्यात माग म्हटलं की लोकांना इचलकरंजीचे यंत्रमाग आठवतात. आमच्या घरात ह्या शब्दाचा वास दुसराच होता. तो आता थोडा बदलला आहे. आजा कधी बरा असतो, कधी नसतो. बरा असला की पहाटे काठी घेऊन आमच्याबरोबर रानात येतो. मी आणि कापशा बांधाआड तोंड फिरवून बसतो. आजा माग टाकतो. वळणं अशी घेतो की कापशा चक्रावतो, आणि मला आधी काही सांगत नाही. मग लांब बाभळीखाली जाऊन बसतो आणि ओरडतो, "हां, सोड आता. बगू, कोण हुडकतंय मला!"